छपराएवढी तहान

या बेटावर नदी नाही.
बर्म्युडाचा नकाशा काढताना पहिलं तेच खटकतं:
निळी रेघ आत कुठेच ओढावी लागत नाही.
चहूकडे समुद्र, पण तो पिता येत नाही.

म्हणून इथे घर वरून काढायला घेतात.
आधी छप्पर. भिंती मागाहून.
सिल्व्हानो पाशेको, सत्तरीचा गवंडी,
चुनखडीच्या फरश्या पायरी-पायरीने रचतो,
पाऊस धावत सुटू नये,
गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा जपून उतरावा म्हणून.
त्यावर चुन्याचा हात. डोळे दिपतील इतका पांढरा.
मला म्हणाला, "बाई, तुमचा कागद बरोबर असेल,
पण पाणी कागद वाचत नाही. उतार वाचतं."

फर्बर्टांचं घर माझं पहिलं.
नऊशे चौरस फूट छप्पर,
वर्षाला पंचावन्न इंच पाऊस,
त्यातला दहावा हिस्सा उन्हावाऱ्याचा.
माणसं दोन. माणशी रोजचे तीस गॅलन.
न्हाणीचं पाणी गाळून संडासाला,
भांड्यांचं केळीच्या बुंध्याशी.
जमा डावीकडे, खर्च उजवीकडे,
शिल्लक हजार-बाराशे गॅलन.
तिच्याखाली मी दोन रेघा मारल्या, ठसठशीत,
जसा काही पाऊस मीच पाडला होता.

इडोना फर्बर्ट कोठीत जाऊन
जमिनीवर डावाच्या दांड्याने ठोकायची.
ठण्ण वाजलं की काटकसर,
बद्द वाजलं की चादरी धुवायच्या.
ऑर्विलने टाकीत दोन सोनेरी मासे सोडले,
डासांच्या अळ्या खायला.
"यांचा खर्च धरला का?" त्याने मला विचारलं,
आणि स्वतःच हसला. फेरीबोटीवर जन्म गेलेला माणूस,
पाण्याची थट्टा त्याला परवडायची.

एप्रिलच्या कोरड्यात तो गेला.

बोटीवरचे सोबती आले, चर्चमधली गाणारी मंडळी आली,
बॉस्टनहून तीन भाच्या, त्यांची मुलं, आठ दिवस राहायला.
चहाचे कप धुऊन पुन्हा भरले जात होते.
रडून झालेले चेहरे एकामागून एक बेसिनशी.
मुलं संडासाची साखळी गंमत म्हणून ओढत होती,
त्यांना कोण रागावणार, आणि काय म्हणून?
पाचव्या दिवशी पंपाने नुसती हवा ओढली.

इडोनाने मला फोन केला नाही.
तिने कुंपणापलीकडे हाक मारली, एवढंच.
मी पोचले तेव्हा अंधार होता
आणि जास्वंदीच्या झुडपावरून
एक हिरवा पाइप या आवारात आला होता,
लाइटबोर्नच्या टाकीतून, रात्रभर.
झाकण उचलून मी टॉर्च मारली:
वीतभर पाण्यात दोन मासे
पडणाऱ्या धारेभोवती फिरत होते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
असं मी लहानपणापासून ऐकत आले.
कुणीच सांगितलं नव्हतं
की शेजारच्या आडालाही दोर पोचतो.

माझे आकडे चुकले नव्हते.
पण त्यांत घरात कुणी मरत नव्हतं.

ऑगस्टात लाइटबोर्नच्या छपराला चुना द्यायचा होता,
पन्हळी बंद, पाऊस नुसता अंगणात वाया.
तेव्हा तोच पाइप उलट्या दिशेने गेला.
किती गॅलन, कुणी मोजलं नाही.
मी विचारलं तर दोघांनाही जरा राग आला.

आता माझ्या नकाशात
कुंपणाच्या भिंतीत एक पितळी तोटी असते,
दोन्हीकडे तोंड असलेली.
ती कुठल्या रकान्यात धरायची ते अजून ठरत नाही;
जमा म्हणावी तर जमा नाही, खर्च म्हणावा तर खर्च नाही.
पेन्सिलीने "उसनवारी" लिहिते
आणि पुढची जागा कोरी सोडते.

सिल्व्हानोने पहिल्यांदा पाहिली तेव्हा
काहीच बोलला नाही.
नुसता करणीने तिथला चुना खरवडून
तोटीचा उतार
बोटभर वाढवला.